टाय खांद्यावर टाकून

नाही गं कश्मिरा, असा दुखवट्याला आल्यासारखा चेहरा नको करूस — बस, आणि या शेंगा मोडायला घे — आमचे हे अगदी मजेत आहेत. कुठे म्हणजे? ऑफिसात! इस्त्रीचा शर्ट, टाय, डबा — यल्ला, चला, साहेब निघाले. आणि संध्याकाळी परतताना पिशवीभर भाजी! ‘ऑफिसातल्या फिलिपिनो माणसानं दिली.’ पुण्यात जन्मभर पालेभाजी बघून नाक मुरडलं, आणि आता इथे आखातात येऊन मला शिकवतात — ‘नीला, याला कांगकाँग म्हणतात.’ कसलं डोंबलाचं कांगकाँग? नाळीची भाजी ती! आणि ते मालुंगाय म्हणजे शेवग्याचा पाला — माझी आई करायची तेव्हा जावईबापूंच्या घशाखाली उतरत नव्हता. आता तोच पाला कोंबडीच्या रश्शात घालून भुरके मारतात!

मला काय वाटलं असेल, सांग? भानगड, दुसरं काय! खाली ती फिलिपिनो नर्स राहते ना, मारिसेल — मागच्या अंगणात हिरवी जाळी बांधून हेच सगळं लावते ती. मी काय आंधळी आहे? गेले एकदा भरदुपारी उतरून, ओढणी खोचून, भांडायच्या पुऱ्या तयारीनं. तर बाई ड्यूटीवर, आणि आमचे सीनिअर अकाउंटंट त्या उकाड्यात उकिडवे बसलेत — टाय खांद्यावर टाकून हातभर शेंगांच्या वेलाला सुतळी बांधतायत. आणि बोलतायत त्याच्याशी! ‘चढ बाबा वर. लोळत राहिलास की काढून टाकतात.’ शेजारी माझा डबा, तसाच, न उघडलेला... मी चपला हातात घेऊन परत वर आले.

मग मारिसेलला जिन्यात गाठलं. म्हणाली, ‘सर ईदपासून येतात. नोकरी गेल्याचं तुम्हाला ठाऊकच असेल ना?’ हो म्हटलं, ठाऊक आहे की! काय सांगणार तिला — नवरा रोज माझ्यासमोर बूट पॉलिश करतो आणि तीन जिने उतरून वांग्यांना पाणी घालतो म्हणून?

नाही, विचारलं नाही त्यांना. विचारणारही नाही. घरात ताठ मानेनं बसायला त्यांना तेवढा एक टाय उरलाय, तो मी ओढू? सांगतील आपण होऊन — इंशाल्ला! फक्त व्हिसा संपून गाशा गुंडाळायच्या आत सांगा म्हणावं, म्हणजे मला भांडीकुंडी तरी विकता येतील. हसतेस काय? मी पण हसते — भाजी चिरताना, एकटीच... कांदा नसतो गं त्या भाजीत.

आणि हे बघ, तुझ्या नवऱ्याला, गौरवला यातलं अक्षर — थांब. बूट वाजले. ऊठ, ऊठ, त्या शेंगा राहू दे. तू विळी मागायला आली होतीस, ही घे, खलास. ऑफिसचा विषय काढलास तर बघ. जा!

...आलात? मीटिंग फारच लांबली वाटतं आज?