पाणघोड्यापाशी मागितलेली माफी

— नाही नाही, शिवकामीअक्का, बसा तुम्ही, चोळपुरमची ही बस गेली तर मागून दुसरी येते, आणि राधाकल्याणाचं बोलावणं घेऊन आलात नि कॉफी न घेता उठलात तर तुमचे भाऊ मला काय म्हणतील? म्हणजे आता काही म्हणायचे नाहीत, आता स्वामीनाथराव नि आमचे हे म्हणजे सख्खे भाऊ — पण कॉफीवरूनच आपल्या दोन घरांचं बिनसलं होतं, तेव्हा तुम्हांला कॉफीवाचून सोडणारी मी कोण? येतील, हे नक्की येतील, राधाकृष्णाच्या लग्नाच्या भजनाला बसतील, गातीलही. आत निजलेत. जेवण झालं की निजतात, घोरतात, मग बाहेर येऊन म्हणतात डोळा लागला नाही — चालायचंच.

काय म्हणालात? आफ्रिकेत काय झालं? तुम्हांला भावानं नाही सांगितलं? काहीच नाही? हं. नाही सांगायचे ते. मीही नाही सांगणार. मी मनाशी ठरवून टाकलंय, कोणालाही सांगायचं नाही — साखर बघा, पुरे आहे ना? — तुम्ही घरच्याच म्हणून एवढं सांगते, की ती करणी सगळी आपल्या पोरांची. तुमची जननी नि आमचा श्रीवत्स. मलावीत तो साखर कारखान्यात इंजिनियर, ही शाळेत शिकवते, सगळं छान, पण इकडे दोघांचे बाप लग्नाच्या मांडवापासून बोलत नाहीत. का? तर लग्नाच्या सकाळी वरपक्षाला कॉफी कागदी पेल्यातून आली. आमच्या ह्यांना टंबलर नि त्याखाली वाटीसारखा डवरा लागतो, कुंभकोणमात जन्म गेला, कागद ओठांना लावणार नाहीत. म्हणाले, "मुलगी दिलीत, पण डवरा द्यायला हात आखडला." चारचौघांत. तुमचे भाऊ म्हणाले, कॉफीच प्यायची होती तर हॉटेलात वरात न्यायची. झालं. तुम्ही होतातच की, पंगतीत वाढत होतात.

तर पोरांनी काय केलं, आम्हां दोघांना बोलावलं — या, तीन महिने राहा. नि तुमच्या भावालाही बोलावलं, त्याच दिवसांत, पण हे आम्हांला नाही सांगितलं नि आम्ही आहोत हे त्यांना नाही सांगितलं. विमानतळावरून श्रीवत्स त्यांना घेऊन आला नि आमचे हे दारात, दोघांनी एकमेकांना असं पाहिलं जसं काही कपाट पाहतायत. वर सुट्टी कुठं काढली? तर त्या मोठ्या तळ्याकाठी. तळं म्हणतात हो, पण पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळू आहे. आपलं महामहम् तळं त्यात एका कोपऱ्यात मावेल. काठावर गवती छपराची दोन घरं घेतली — एकात पोरं, एकात आम्ही दोघं नि तुमचे भाऊ, मधे एक पडवी.

बोलायचे कसे? बोलायचेच नाहीत. जननीला म्हणायचे, मामांना विचार पंखा बंद करू काय. जननी नसली तर भिंतीला — "कोणी पंखा बंद केला तर बरं होईल." मग दुसरे उठून बंद करायचे नि खिडकीला सांगायचे, "केला." होडीत बसवलं तर पाठीला पाठ लावून बसले, एक ह्या टोकाकडे तोंड करून, एक त्या. होडीवाला खूष, म्हणाला असा तोल कोणी सांभाळला नव्हता. मी हसले तर दोघेही माझ्यावर रागावले — तेवढं एक एकत्र केलं त्यांनी.

मग ती सकाळ — पण नको, राहू दे. मी नाही सांगणार.

बरं, एवढंच सांगते. तिथल्या राखणदारानं बजावलं होतं, उजाडता उजाडता पाण्यात उतरायचं नाही, पाणघोडे येतात. आमचे हे म्हणाले, घोडा म्हणजे घोडा, तो पाण्यात कशाला येईल? मी म्हटलं, अहो, तमिळमधे आपण नीरयानै म्हणतो ना, पाण्यातला हत्ती, तो. तर म्हणाले, आधी हत्ती का घोडा ते ठरवा, मग मला भिववा. जन्मभर कावेरीत बुडी मारून संध्या केलेला माणूस. गेले. वेष्टी कंबरेला गुंडाळली, कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले, डोळे मिटले, नाक धरलं. मी पडवीत बसले होते, इथून नेलेल्या पुडीची कॉफी घेऊन. वारा नाही, पाणी अगदी गप्प, तिकडे कोणी खोकलं तरी इकडे कानाशी खोकल्यासारखं.

नि पाण्यातून दोन कान वर आले. मग डोळे. मग — फुर्र. असा मोठा श्वास.

तुम्हांला ठाऊक आहे ना तुमचे भाऊ प्राणायाम कसा करतात? अहो, तसाच आवाज. हुबेहूब. तेव्हा ह्यांना काय वाटलं असेल? वाटलं, स्वामीनाथरावच उतरलेत शेजारी. डोळे मिटलेलेच, नि म्हणाले, "आलात? बरं झालं. मी डोळे उघडत नाही, तोंड पाहिलं की बोलणं व्हायचं नाही." तो प्राणी म्हणाला फुर्र. हे म्हणाले, "रागावू नका. मीच वाकडं बोललो त्या दिवशी, मला क्षमा करा."

हसू नका, अक्का, आत जाग येईल. नि तुमचे भाऊ कुठं होते? काठावर. झाडाआड. हातात तांब्या, खांद्यावर पंचा, तेही आंघोळीलाच निघाले होते. त्यांना पाणघोडा दिसत होता, त्यांना आमचे हे दिसत होते, नि त्यांनी — हे कोणाला म्हणायचं नाही — त्यांनी तोंड उघडलं, ओरडायला, नि 'क्षमा करा' कानावर आलं तसं मिटलं. मी पाहिलं. ऐकत उभे राहिले. माफी पुरी होईपर्यंत. पुन्हा कधी ऐकायला मिळेल ह्याचा काय भरवसा, नव्हे काय?

मी? मी का नाही ओरडले? तोंडात कॉफी होती. गरम. असली तोंडात म्हणजे किती वेळ असणार म्हणता — बरं, गिळली होती. पण मग ते पुढचं बोलू लागले ना.

म्हणाले, "कॉफीचं निमित्त झालं. पोरगा लग्नानंतर आठवड्यात एवढ्या लांब निघाला होता, राग कोणावर काढावा कळेना, नि तुम्ही समोर आलात." फुर्र. "घरात करमत नाही, स्वामीनाथराव. तुम्हांला कळेल, तुमचंही घर रिकामंच की. पंकजापाशी बोलता येत नाही. ती वांगी चिरायला घेते, दोघांपुरती काढते, मग त्यात श्रीवत्साचं म्हणून आणखी एक टाकते, मग उचलून परत ठेवते. रोज. मी बघतो नि पेपर वर धरतो."

मला वाटायचं, पेपर वाचतात.

इतका संसार झाला, मला कधी एक शब्द नाही. नि सांगितलं कोणाला? त्या जनावराला. एक हात लांब, ढोलीएवढं तोंड, त्याला. मी तशीच बसले. पाणघोडा आहे हेच विसरले मी — खरंच सांगते. हा माणूस मेला तर, असं मनात आलंच नाही, मनात आलं, अजून बोलू दे थोडं. काय बाई मी.

मग तुमचे भाऊ धावले. पंच्यानं डोळे पुसत धावले, मी तेही पाहिलं. तांब्यावर दगड बडवत ओरडले, "राव, पळा, मी इकडे आहे, तो मी नव्हे!" ह्यांनी डोळे उघडले. वेष्टी तिथंच तरंगत राहिली, हे बाहेर. प्राण्यानं जांभई दिली नि खाली गेला. नि हे दोघे वाळूत एकमेकांना धरून उभे, एक पंच्यात, एक कशातच नाही, नि तेवढ्यात जननी खिडकी उघडते — तिनं लगेच मिटली, शहाणी पोर आहे.

तेव्हापासून सगळं गोड. 'तो मी नव्हे' ते त्या धावपळीत ह्यांच्या ध्यानातच आलं नाही, हे समजतात, स्वामीनाथरावांनी बघताक्षणी जीव वाचवला, माफीचा एक शब्द त्यांच्या कानी गेला नाही. तुमचे भाऊ समजतात, आपण झाडाआड होतो हे कोणाला ठाऊक नाही. नि मी गप्प. परत येताना दोघे विमानात शेजारी बसले, एकाच पेल्यातली कॉफी वाटून घेतली, कागदी पेला होता, मी बोलले नाही. म्हणून म्हणते, अक्का, तुम्हीही राधाकल्याणात कोणापाशी —

थांबा. घोरणं कधी थांबलं?

अहो. तुम्ही केव्हा उठलात? — दारात कधीपासून उभे आहात? — नाही, मी अक्कांना नुसती त्या तळ्याची — काय म्हणता? शेवटपर्यंत? हो. झाडाआड होते ते, शेवटपर्यंत, सगळं ऐकलं त्यांनी. रागावू नका, त्यांनी रडतच — काय? त्यांचं नाही विचारत? मग कोणाचं?

माझं.

हो. मीही ऐकलं. पडवीत होते.

अक्का, तुम्ही निघा आता. नाही हो, रागावले नाहीत, राधाकल्याणाला येतील, सांगा भावाला. ते पाहा, पाट ओढून बसतायत माझ्यासमोर, नि पेपर तिकडे ठेवलाय. दुसरं काही नाही. दार तेवढं ओढून घ्या जाताना. जा.