बारीक झालेला नवरा

अमरावतीच्या दवाखान्यात साठीतलं एक जोडपं डॉक्टरच्या खोलीतून बाहेर आलं आणि माझ्या शेजारी बाकावर बसलं.

"हे स्वादुपिंड असते तरी कुठी, केशर?"

"पोटाच्या मांगं लपून रायते म्हने. काम सांगितलं का तुमी लपता, तसं."

"अन् त्यातच कॅन्सर."

"गाठ बारकी आहे. तुकडा तपासला, स्कॅन काढला, कॅन्सर पसरला नाही म्हने. आपरेशन होते."

"डाक्टर तुयी लय तारीफ करून राहिला होता. इतक्या लवकर कोनी येतच नाही म्हने. तुले समजलं कसं?"

"चार भाकरी खाऊन मानूस बारीक होऊन राहिला. त्यात नवीनच शुगर निघाली."

"शुगर तं अर्ध्या गावाले आहे. खरं सांग."

"मले वाटलं, तुमी बाई ठेवली."

"मी? या वयात?"

"नवा प्यांट शिवला, आरशापुढं उभे राहू लागले. म्हटलं, आधी डाक्टरकडून तपासून घेऊ, बिमारी नाही निघाली तं तुमाले सोडत नाही."

"मंग निघाली ना बिमारी. आता काहून रडून राहिली?"

"बाई निघाली असती तं बरं झालं असतं."