झाडू आपल्या दाराशी

हॅलो?… हो, बोल छकू. नाही गं, जेवणं झाली, इस्त्री करतेय… थांब, फोन खांद्याशी धरते. हं, बोल.

शुक्रवारी? तुझ्या वर्गात?… मी काय बोलणार गं मुलांसमोर? मी औषधांच्या दुकानात बसते. खोकल्यावर बोलू का तासभर?… हो, हो… अगं ऐक ना. दर शुक्रवारी कुणीतरी येऊन आपल्या आयुष्यातलं सांगतं, ते ठाऊक आहे मला. गेल्या खेपेला तो आग विझवणारा आला होता ना… बरं, मग?

कोण रडलं?… ती नवी मुलगी? बाहेरून आलेली?… असं. तिच्या बोलण्याची नक्कल करतात… आणि याच पोरांनी सहिष्णुतेवर निबंध लिहिलाय? पैकीच्या पैकी?… मार्क तूच दिलेस ना? मग भोग आता… नाही गं, हसत नाहीये. बरं, थोडीशी हसले.

सोमवारी?… दाखला काढून नेतो म्हणाले तिचे वडील?… अरे देवा. मग हा शुक्रवार शेवटचाच की.

कुठली गोष्ट?… जिन्याची?… ती नको, छकू.

नको म्हणजे नको… कारण ती माझी नाही, आईची आहे. तुला काय आठवणार, तू पाळण्यात होतीस. तुला ती गमतीची वाटते, कारण बाबा तशी सांगायचे… हो, तेच. ‘तुमच्या आईला एकदा झाडू बक्षीस मिळाला होता.’

हळूच बोलतेय. आई आत मटार सोलतेय… कमी ऐकू येतं खरं, पण जे ऐकू नये ते बरोबर ऐकते.

नीट सांगते, ऐक. आपण त्या इमारतीत गेलो तेव्हा जिना झाडायची-पुसायची पाळी असायची. ज्याचं काम झालं त्याने झाडू पुढच्या दाराशी टेकवून ठेवायचा. सकाळी दाराशी झाडू दिसला की समजायचं, आज आपण… हो, बस, एवढंच. आणि झाडू आपलं दार टाळून जायचा. डावीकडच्या काकूंकडून सरळ वरच्या मजल्यावर. दर वेळी.

भांडण? छे. गोड बोलायचे सगळे. ‘तुम्ही नवीन, तुम्हाला कशाला त्रास?’ आपण बाहेरून आलेलो, आपलं बोलणं वेगळं… मला तर वाटायचं, काय भली माणसं आहेत. मी आईला म्हटलंसुद्धा, आपली तर मजाच आहे… आणि आई? कुणी उठायच्या आत आपल्या दारासमोरची फरशी तेवढी पुसून घ्यायची. रोज.

हं, नर्सबाई. तळमजल्यावरची… एका सकाळी रात्रपाळी करून आली, वर गेली, वरच्या दाराशी ठेवलेला झाडू उचलून खाली आणला आणि आपली कडी वाजवली. ‘आज तुमची पाळी. कोपरे नीट काढा.’ ना हसणं, ना गोडवा. आणि आई… आई हसत होती गं. इतकी हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

लगेच कुठलं सगळं ठीक व्हायला? आईने जिना लख्ख केला, आणि दुपारी वरचे आजोबा बादली घेऊन तोच जिना परत पुसायला बसले… हो, परत. आई दारात उभी राहून बघत होती… हे बाबा नाही सांगायचे.

पुढच्या पाळीला नर्सबाईने पुन्हा झाडू आपल्याच दाराशी आणला. आजोबांनी पुन्हा बादली काढली. बरेच दिवस चाललं ते. शेवटी आजोबांच्या गुडघ्यांनी हार मानली… हो, आधी गुडघे, मन फार नंतर… खरंय, मुलांना हे सांगायला हवं. पण आईला विचारल्याशिवाय मी…

आई? तू कधीची उभी आहेस इथे?… थांब छकू, आई आलीय. ती विचारतेय, तुझ्या वर्गात फळा कोण पुसतं?… पाळीपाळीने, बरं. आणि त्या मुलीची पाळी कधी असते?

काय?… नीट बोल, पुटपुटू नकोस.

तिची नसतेच?… कुणी ठरवलं असं?

तू… ‘नवीन आहे बिचारी, तिला कशाला त्रास’… हो. ऐकलं मी.

नाही गं, कुणी रागावलं नाहीये. रडू नकोस… अगं, काकूही काही वाईट नव्हत्या. बरणीभर साखर मागितली तरी द्यायच्या… हो, ऐकतेय.

आई म्हणतेय, शुक्रवारी ती स्वतः येईल… हो, आपली आई. मलाही खरं वाटत नाहीये. पण शुक्रवारपर्यंत थांबू नकोस म्हणते. उद्या सकाळी फळा त्या मुलीला पुसायला सांग… गोड बोलायचं नाही. ‘आज तुझी पाळी’ म्हणायचं, आणि कोपरे राहिले तर तेही सांगायचं. सगळ्यांना सांगतेस तसं.

चल, ठेवते, इस्त्री तापलीय… थांब, थांब, काय गं आई?

ती म्हणते, त्या मुलीने पुसलेला फळा कुणी परत पुसायला उठलं, तर त्याला तिथल्या तिथे खाली बसव… हो. एवढंच म्हणाली, आणि आत गेली.

ठेव आता.