कोणते गं सहा?

नाही, पण मी म्हणते, माणसानं घरात तोंड उघडायचं की नाही? चार महिने झाले मी भावाच्या घरी येऊन राहिलेय, वहिनी दिवसभर कामावर, म्हणून त्याचं सगळं मी बघते, आणि मलाच खोलीतून बाहेर काढतात! कोण? भाची! आमची बिट्टी! वय वर्षं एकोणीस, डिझाइनच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, आणि मला म्हणते, "आत्या, तू जरा बाहेर बस."

का, तर मी "शि" म्हटलं. बस, एवढंच.

थांबा, नीट सांगते. माझा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवणारा. पट्टी न लावता अशी सरळ ओळ मारायचा की बघत राहावं. उन्हाळ्याच्या आधी त्याच्या मेंदूत गुठळी झाली. चालणं परत आलं, उजवा हात थोडाफार आला, शब्द मात्र गेले. समजतं हो सगळं, हसतो, रुसतो, पण हातात चमचा धरलाय आणि चमचा म्हणता येत नाही… मग ओठ नुसते हलतात आणि मान खाली जाते. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी शंभर चित्रांचे पत्ते दिले. रोज सराव, आणि दर रविवारी एकेक दाखवायचा, नाव आलं तर बिट्टीच्या वहीत बरोबरची खूण. त्या दिवशी शिडीचं चित्र होतं, तो अडला, मला राहवेना, मी हळूच "शि…" म्हटलं. झालं! बिट्टीनं वही मिटली. सुचवलेला शब्द बाद!

कारण त्याच वहीवर तिचं कॉलेजचं काम उभं होतं ना. माहिती स्वतः गोळा करायची आणि कॉम्प्युटरवर तिचा हलता तक्ता करायचा. कुणी मोबाईल किती वेळा बघतो ते मोजलं, कुणी कॉफी मोजली, हिनं बाप मोजायला घेतला. आणि मला विचाराल तर मला त्यातलं ओ का ठो कळत नाही! चार दिवस ती पोरगी एका खांबाकडे बघत बसली होती. खांब म्हणजे तक्त्यातला, जमिनीतून वर येणारा. म्हणे, "आत्या, हा थांबताना धाडकन थांबतोय, जरा सावकाश टेकायला हवा." अगं, टेकू दे की त्याला कसाही! पण नाही. बापावरच गेलीय. तोही एका वेलांटीसाठी दुकानदाराला दुपारभर ताटकळत ठेवायचा.

बरं, नऊ रविवार झाले. पहिल्या रविवारी एक्केचाळीस शब्द, नवव्या रविवारी सत्तेचाळीस. आणि नेमकं तेव्हाच भावानं पत्ते दूर सारले. दुसऱ्या दिवशीही सारले. बाई आल्या तर भिंतीकडे तोंड करून बसला. काही उपयोग नाही, असंच त्याचं म्हणणं. ते सांगायला त्याला शब्द लागला नाही.

बिट्टीनं तक्ता उघडला. नऊ खांब, कुंपणाच्या भिंतीसारखे एका उंचीचे. हे दाखवून कोणाला धीर येणार? मग तिनं काय केलं, तर खालचा भाग कापला. शून्याऐवजी चाळिसापासून सुरुवात केली. आणि काय सांगू, भिंतीचा डोंगर झाला! पहिला खांब बोटाएवढा, शेवटचा छताला. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही, पण मी टाळ्या वाजवल्या. वहिनीनं डोळे पुसले.

भावासमोर कॉम्प्युटर ठेवला. खांब वर आले, सावकाश टेकले. त्यानं पाहिलं. मग पुढे वाकला, खालच्या कोपऱ्यातला बारीक चाळीस पाहिला, आणि डावं बोट पहिल्या खांबाच्या बुडाला लावलं. तिथून खाली… पडद्यावरून खाली, बटणांवरून खाली, टेबलाच्या कडेवरून थेट स्वतःच्या गुडघ्यापर्यंत ओढत नेलं. इथपर्यंत आहे खरा खांब. जन्मभर मापं काढलेला माणूस! त्याला आपण बनवायला निघालो होतो…

बिट्टी म्हणाली, "बाबा, आकडे खोटे नाहीत. मी फक्त खालचं कापलं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही हो. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

दोन दिवस पोरगी जेवली न जेवली. काम द्यायला आठवडा उरलेला, हिचा पडदा कोरा. मी शेंगा सोलत बसले होते, काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "सहा वाढले म्हणतेस, ते कोणते गं सहा?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. एवढे खांब टेकवले, पण हे तिनं कधी विचारलंच नव्हतं! उठली, वही आणली. चमचा, कात्री, चप्पल, पूल, शिडी आणि घुबड. आता घुबडाचं त्याला काय काम, मला विचारू नका.

मग तिनं खांब पुसले. शंभर चौकोन काढले, प्रत्येकात एक चित्र. भावाला शेजारी बसवून म्हणाली, रंग तुम्ही सांगा. आधी ढिम्म हलला नाही. मग तिनं मुद्दाम फिकट निळा लावला. त्याला ते सहन होईना! बोटानं नाही-नाही करत शेवटी भडक पिवळ्यावर आणि लालवर आला. एक्केचाळीस चौकोन पिवळे, बाकी करडे. मग आठवडा सरकायचा आणि एक चौकोन लाल होऊन उजळायचा. चमचा. कात्री. शिडी उजळली तसा तो आपणहून म्हणाला, "शिडी." मी नव्हते हो सुचवलं! मी तोंडात पदर कोंबला होता!

सहा वेळा पाहिलं त्यानं. मग करड्या चौकोनांवरून बोट फिरवलं, एकावर थांबला, त्रेपन्न उरलेत हे त्यालाही दिसत होतं, आणि हात पुढे केला. पत्ते मागितले.

कॉलेजात सर म्हणाले, विचार चांगला, पण रंग दुकानाच्या पाटीसारखे झालेत. ती म्हणाली, "हो सर, पाटीवाल्यानंच निवडलेत." मार्क बेताचेच पडले. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही, पण तिनं तो मार्कांचा कागद वहीत जपून ठेवलाय.

आणि भाऊ बोलत सुटलाय. म्हणजे रोज थोडा थोडा. काल तर पत्त्यांत नसलेला शब्द आला, आपणहून, स्पष्ट! बिट्टी रडली, वहिनी रडली, मीही रडले असते… पण मी एवढा मन लावून रस्सा केला होता, त्यानं पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "अळणी."