पाठवलंच नव्हतं हो तिनं!

...अहो, पण तिनं ते पाठवलंच नव्हतं हो! तुम्हाला सांगतो, बातमीदारीत केस पांढरे झाले माझे, धमक्या पचवल्या, कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, पण माहिती देणाऱ्याचं नाव या तोंडातून कधी फुटलं नाही. आणि फोडलं कुणी? आमच्याच वेबसाइटनं!

झालं काय, एका हॉस्पिटलातली नर्स मला भेटली. मुदत संपलेली इंजेक्शनं देतात म्हणाली. सारखी मागं वळून बघत होती बिचारी. आणि मी दीडशहाणा! म्हटलं, "ताई, आमच्या साइटवर 'निनावी कळवा' असं पान आहे, तिथं बिनधास्त लिहा." तिनं लिहिलं. सुरुवातीलाच विश्वासानं स्वतःचं नाव, मग वॉर्ड, औषधं. मग नोकरी आठवली, घरची पोरं आठवली, आणि बटण न दाबता सगळं पुसून टाकलं, तसं मला फोनवर सांगितलंही. पाठवलंच नव्हतं हो तिनं!

दुसऱ्या दिवशी आमची मीटिंग. पाहुणे कोण? त्याच हॉस्पिटलचे जाहिरात अधिकारी! आमच्या मार्केटिंगच्या मॅडम नुसत्या फुललेल्या, "बघा ना सर, वाचक साइटवर काय करतो, त्याची अख्खी फिल्म मिळते आम्हाला!" आणि पडद्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं... आधी तिचं नाव, मग 'मी या वॉर्डात नर्स आहे, आमच्याकडे...' चहाचा कप तसाच टाकला! मी टेबलाखाली मुसंडी मारली, हाताला लागेल ती वायर उपटली. पडदा गेला, दिवे गेले, एसी गेला, संपादक ओरडले, "अहो, काय करताय काय?"

मग वेबसाइटच्या इंजिनिअरला गाठलं. "अरे, न पाठवलेलं दिसतंच कसं?" तो एकदम थंड. "सर, पान उघडलं की वाचकाच्याच ब्राउझरमध्ये स्क्रिप्ट चालते, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम. प्रत्येक अक्षर टाइप होताना टिपते ती. बटणाशी तिचा संबंधच नाही."

"मग काढ ना ती!"

"आपली नाहीये सर, बाहेरच्या कंपनीची आहे. त्या कंपनीनं आणखी कुणाकुणाच्या स्क्रिप्ट आत आणल्यात."

म्हणजे बघा, आपण पाहुणा बोलवायचा एक, त्यानं अख्खं खटलं घेऊन यायचं, आणि वर त्या खटल्यानं आपल्या कपाटात हात घालायचा! ते पान तिथल्या तिथं बंद करायला लावलं मी. पण उपयोग काय? पाठवलंच नव्हतं हो तिनं!

बाहेर आलो तर लिफ्टपाशी ते जाहिरात अधिकारी उभे. हळूच म्हणतात, "नाव वाचलं मी."

मी हातच जोडले. "साहेब, तिच्या पोटावर पाय नका आणू हो..."

"ऐका तर! वाचलं आणि विसरलो. त्या इंजेक्शनांचं मलाही माहीत आहे. झोप लागत नाही. सगळं सांगायचंय, पण तुमच्या त्या साइटवर नको. कानात सांगतो."

काय सांगू तुम्हाला, डोळेच भरून आले. कान पुढं केला. ते कुजबुजायला लागले, मन मोकळं करून, भडाभडा... आणि मला या वयात काही म्हणता काही ऐकू येईना! शेवटी भर लिफ्टसमोर मीच खेकसलो, "अहो, जरा मोठ्यानं बोला!"