राक्षसाच्या खानावळीत तीन ताटं

नात : आजी! ती माझ्या ओल्या कपड्यांची पिशवी आहे!

आजी : हळू बोल गं. धर जरा टेबलाखाली उघडी. आणखी थोडी... हां.

नात : तू बटाटे टाकतेयस त्यात. माझ्या पोहायच्या कपड्यांवर!

आजी : बटाट्यांनाही पोहू दे की. सकाळपासून तूच एकटी पोहतेयस.

नात : आणि ती तंगडी?

आजी : ती घसरगुंडीवरून जाईल. सुर्रर्र... गेली बघ.

नात : आजी, हे दुसरं ताट आहे. पहिलंही तू पिशवीतच रिकामं केलंस. तू काहीच खाल्लेलं नाहीस.

आजी : कोण म्हणतं? वास घेतला की पोटभर.

नात : वास मोजत नाहीत. घड्याळ बघ. तुझं खाणं साडेअकराला होतं, आता दीड वाजतोय. दर दोन तासांनी चार-पाच चमचे. मऊ. तिखट नाही, तेलकट नाही, गोड नाही, खाताना पाणी नाही. आईने पाठ करून घेतलंय माझ्याकडून.

आजी : तुझी आई म्हणजे ना! मला अगदी औषधाच्या बाटलीसारखं सोपवलंय तुझ्या हाती. वापरण्यापूर्वी हलवा, एवढंच लिहायचं राहिलंय.

नात : हसवू नकोस. तुझा डबा असता तर आत्ता आरामात खाल्लं असतंस. तुझ्यामुळेच तो जलउद्यानाच्या फाटकावर राहिला.

आजी : माझ्यामुळे? बाहेरचं खाणं आत नेऊ नये, एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलंय तिथे.

नात : आणि त्याच्या खाली लिहिलंय, आजारी माणसांना चालेल, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा. चिठ्ठी तुझ्या पाकिटात आहे. ती दाखवायची सोडून तू त्या काकांना सांगितलंस की डब्यात मगरीसाठी भात आहे.

आजी : मऊ भात. दात पडलेल्या मगरीसाठी. अर्धवट सांगू नये कुणाचं.

नात : म्हणूनच त्यांनी ठेवून घेतला ना! प्राण्यांना खायला घालायचं नाही, म्हणाले.

आजी : मला काय माहीत, इथे खरंच मगर पाळलीय!

नात : आजी.

आजी : अगं, मागे पन्नास माणसं उभी होती रांगेत. त्यांच्यादेखत चिठ्ठी काढू? या बाईचं पाऊण पोट कापून टाकलंय, हिच्याकडे नीट बघून घ्या, असं? मग सगळे माना वाकड्या करून, "अरेरे, बिचारी"... नको. त्यापेक्षा मगर बरी.

नात : मग निदान इथल्या वाढणाऱ्या ताईला तरी सांग. म्हणावं, मला हे चालत नाही.

आजी : आणि भरलेलं ताट आत पाठवू? मी? तीस वर्षं वसतिगृहात दोनशे पोरींचा स्वयंपाक केलाय. ताट भरलेलं परत आलं की आत उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाचं काय होतं, ते तुला नाही कळायचं. खारट झालं का, कच्चं राहिलं का, रात्रभर डोक्यात तेच. ज्या पोरी ताटात टाकायच्या ना, त्यांच्या मागे मी झारा घेऊन जिने चढलेय. चार-चार मजले.

नात : मागच्या वेळी दोन मजले होते.

आजी : बांधकाम चालू होतं तेव्हा.

नात : आजी... घंटा. ते परत घंटा वाजवतायत. आपल्याकडेच बघतायत सगळे.

आजी : कशाला?

नात : तिसरं ताट येतंय.

आजी : पण मी मागितलं कुठे?

नात : भिंतीवर वाच ना! "राक्षसाच्या खानावळीत रिकामं झालेलं ताट पुन्हा भरतं." तू जितक्यांदा पिशवीत ओतशील तितक्यांदा येणार ते.

आजी : अगं बाई. हे आधी नाही का सांगायचं?

नात : सांगितलं होतं. तू तंगडी ढकलण्यात होतीस.

(शिंगांची टोपी घातलेला आचारी परातीएवढं ताट घेऊन टेबलाशी येतो.)

आचारी : हा हा हा! कोण आहे तो महावीर, ज्याने राक्षस महाराजांची दोन ताटं चाटूनपुसून... अं... आजी, तुम्ही?

आजी : मीच. का हो, मिशा लागतात का महावीराला?

आचारी : नाही, तसं नाही. नऊ वर्षांत तिसऱ्या ताटापर्यंत दोनच माणसं पोचलीत. एक पैलवान होता, आणि दुसऱ्याला नंतर आम्हीच उचलून नेलं. म्हणून म्हटलं, आपण स्वतः जाऊन बघावं.

आजी : पैलवानाचं काय घेऊन बसलात! तरुणपणी मी पुरात अडकले होते, छपरावर. चार दिवस. पाचव्या दिवशी नाव आली सोडवायला. मी म्हटलं, थांबा जरा, एवढे भोपळे संपवते आणि येते. सतरा होते. सालीसकट संपवले. नावाडी बिचारा तोंडाकडे बघत राहिला. मग मी बसले तर नाव बुडायला लागली, शेवटी मी पोहत आले आणि नाव माझ्या मागून.

आचारी : सतरा!

नात : आजी, तुला घाम आलाय.

आजी : भोपळ्यांची आठवण झाली की येतो.

नात : हात पण गार पडलाय.

आचारी : आजी, एक विचारू? तुमच्या खुर्चीखाली ती पिशवी ठिबकतेय.

आजी : पोरीचे पोहायचे कपडे आहेत. ओले.

आचारी : पोहायच्या कपड्यांतून रस्सा ठिबकतो?

(आजी पिशवी पायाने आणखी मागे सारते.)

आचारी : दोन्ही ताटं त्यातच गेली का?

आजी : अहो, त्याचं असं झालं, की एक मगर...

आचारी : खारट झालं होतं का? खरं सांगा. आज पहाटेपासून एकटाच आहे चुलीवर, जोडीदार आला नाही. तिखट जास्त पडलं? की तेलाचा वास येतोय? आवडलं नाही तर सांगायचं ना आजी, फेकायचं कशाला?

आजी : बघ. बघ झालं ना! हेच नको होतं मला.

नात : आजी, आता तू सांगतेस की मी आईला फोन करू? गेल्या महिन्यात तू न्हाणीघरात पडलीस तेव्हा घरात मी एकटी होते. तेव्हाही असाच घाम आला होता आधी. आई काय म्हणाली माहितीये ना? आज काही झालं तर परत बाहेर नेणार नाही. आठ महिन्यांनी पहिल्यांदा आलोय आपण. मला नकोय तू परत त्या खिडकीत बसून राहिलेली.

आजी : रडू नकोस गं. सांगते. अहो शिंगवाले... तुमच्या हाताला काही दोष नाही. वासावरूनच कळलं मला, मसाला नीट भाजलेला आहे. दोष माझ्या पोटाचा. गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी पोट कापून काढलं, एवढंसं ठेवलंय, मुठीएवढं. त्याला हे सोसत नाही. आणि फार वेळ उपाशी राहिले तर चक्कर येते. आत्ता येतेय तशी. झालं. एवढंच आहे. यात एकही भोपळा नाही.

आचारी : शेवटचं कधी खाल्लंत?

नात : साडेनऊला. चार तास झाले. ही चिठ्ठी घ्या, हिच्या पाकिटातूनच काढलीय मी.

आचारी : बघू... दूध चालतं?

आजी : नाही हो. दूध घेतलं की पळापळ.

आचारी : अंडं?

आजी : उकडलेलं. मऊ.

आचारी : मागे आमच्या माणसांसाठी साधा भात लावलेला असतो. तो गरम पाण्यात घोटून देऊ? मीठ घालू ना?

आजी : चिमूटभर.

आचारी : मान मागे टेकवून बसा. पोरी, यांच्याशी बोलत राहा. मी आलोच. आणि ही शिंगं धर, आत वाफेने चिकटतात.

नात : आजी? डोळे मिटू नकोस. बोल काहीतरी.

आजी : काय बोलू?

नात : काहीही. थाप मार.

आजी : आत्ता सुचत नाहीये एकही. बघ, किती गंभीर आजारी असेन मी.

नात : आजी!

आजी : बरं बरं. खरं सांगते मग, दुसरं काही शिल्लक नाही. दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाईंना म्हटलं, किती ठेवलंत? त्या म्हणाल्या, पुरेल तेवढं ठेवलंय. मला वाटलं, समजूत काढतायत. मनातून चिडलेच होते मी त्यांच्यावर. पण पुरलं की गं. आठ महिने पुरलं. तुझा वाढदिवस झाला, तुझे दोन दात पडून आले. आज तू त्या उंच घसरगुंडीवरून किंचाळत आलीस, तेही बघून झालं माझं.

नात : मी नव्हते किंचाळले.

आजी : फाटकावरच्या मगरीने कान झाकून घेतले.

नात : आली थाप. म्हणजे बरं वाटतंय तुला थोडं.

आजी : तू हात धरलायस म्हणून. सोडू नकोस एवढ्यात.

आचारी : घ्या. वाटी लहान आहे, इथे सगळी भांडी राक्षसाच्या मापाची. ही माझी चव बघायची वाटी, आणि चमचाही तोच. घासून आणलाय.

आजी : आचाऱ्याने आपली चव बघायची वाटी दुसऱ्याला दिली? अहो, माझ्या वाटीला कुणी हात लावला तर मी दोन दिवस बोलत नसे.

आचारी : खा आधी. बोला मग.

आजी : तुम्ही इथे बसलात? आणि चूल?

आचारी : बंद करून आलोय. दहा मिनिटं उशीर झाला तर कुणाचा राक्षस मरत नाही. घाई करू नका. पुढच्या मंडळींना त्या कोपऱ्यात बसवलंय.

नात : एक. चाव. आणखी चाव. नुसतं गिळलंस!

आजी : अगं, घोटलेल्या भाताला किती चावू? दातांची थट्टा करतेयस का?... अहो.

आचारी : काय झालं? गरम आहे?

आजी : मीठ. किती नेमकं पडलंय. आठ महिने मी घरचा हा भात खातेय, माझी मुलगी घाबरत घाबरत करते, इतकी घाबरते की मीठ टाकायचंच विसरते. मीही काही बोलत नाही. आज पहिल्यांदा मला भातासारखा लागला भात.

नात : दोन.

आचारी : एक सांगू का आजी, तुम्ही उगाच एवढी खटपट केलीत. इथे निम्मी ताटं भरलेलीच परत येतात. पोरं त्या गरगर फिरणाऱ्या पाळण्यातून उतरतात आणि सरळ इकडे येतात. जेवण समोर आलं की चेहरे हिरवे. मी प्रत्येक ताटासाठी झुरत बसलो असतो तर माझंच पोट कापावं लागलं असतं... अं. माफ करा. तोंडातून गेलं.

आजी : हसा हो, हसा! आठ महिन्यांत माझ्या पोटावर कुणी विनोद केला नाही. मी केला तरी सगळे पायाकडे बघतात.

नात : मी हसते.

आजी : तू हसतेस. तू नसतीस तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक.

नात : तीन. बोलू नकोस, खा.

आचारी : पुन्हा आलात तर फाटकावरून निरोप पाठवा. आचाऱ्याकडे आलोय म्हणा. भात मऊ करून ठेवतो. डबा आणू नका, चिठ्ठीही काढू नका.

आजी : आणि मागे पन्नास माणसं असली तर काय सांगू? कोण आलंय म्हणू?

आचारी : राक्षसाची आत्या आलीय म्हणा.

आजी : ऐकलंस? बरोबरीचा माणूस भेटला गं आज.

नात : चार. घाम गेला तुझा. हातही गरम झाला.

आजी : हो. डोकंही थांबलं गरगरायचं. देवा, किती थोडं लागतं हो माणसाला. आणि ते थोडं देणारा किती मोठा वाटतो.

नात : पाच. अजून आहे वाटीत.

आजी : बस. झालं. भरलं.

आचारी : आजी, वाटी कुठे निघाली?

आजी : अं? सवय हो... दोन चमचे उरलेत. हात आपोआप पिशवीकडे गेला.

आचारी : राहू दे. मी नेतो आत.

आजी : वाईट नाही ना वाटणार?

आचारी : का उरलं ते कळलं ना मला. मग कशाला वाटेल?

नात : आजी, आईचा फोन येतोय. काय सांगू? सगळं सांगू?

आजी : दे इकडे. मीच बोलते... हं, बोल गं... हो, जेवले... खानावळीत, खुर्चीवर बसून, सगळ्यांसारखी... पाच चमचे... अगं नाही, थाप नाही. पाचच. दोन उरलेत, ते समोर वाटीत आहेत.