हेल्मेटवरची कोंबडी

ओनोरा : हेल्मेटवर हे काय रंगवलंयस?

झेफिरीन : कोंबडी. भिजलेली. नीट बघ, पिसांतून पाणी गळतंय.

ओनोरा : कशाला डिवचतेस लोकांना?

झेफिरीन : नाव त्यांनीच ठेवलं ना, पापा? गेल्या वर्षी कोळ्यांच्या संत पीटरच्या सणाला मी पाण्याच्या झोतावर उडता उडता धक्क्यासमोर आपटले, तेव्हापासून अख्ख्या बंदराला मी भिजकी कोंबडी. पाव आणायला गेले तरी तेच. म्हटलं, मिळालंच आहे तर मिरवू या. जरा बूट आवळ. डावा सैल आहे.

ओनोरा : खांदा कसा आहे?

झेफिरीन : जुळला. डॉक्टर म्हणाले, तू ऐकलंस, आता त्या खांद्याचं पुराण पुरे.

ओनोरा : वारा सुटलाय.

झेफिरीन : टेकडीपलीकडे. इथं झेंडे बघ कसे लुळे पडलेत. दुसरं कारण शोध.

ओनोरा : मग पाण्यातल्या स्कूटरचा रिमोट घे. हल्ली सगळे घेतात. हातात धरायचा, आपली रेस आपण द्यायची. कुणाच्या भरवशावर राहायला नको.

झेफिरीन : आणि तू?

ओनोरा : मी धक्क्यावरून बघीन.

झेफिरीन : बघतोयस! कॅफेत पाठ फिरवून बसशील. त्या दिवसापासून स्कूटरला हात लावला नाहीस तू.

ओनोरा : कारण तुला माहीत आहे.

झेफिरीन : मला माहीत आहे, बंदराला नाही. त्यांना वाटतं, मी चुकले. मी वर कोलांटी घेतली, तू घाबरलास आणि स्कूटरच्या रेसवरचं बोट ढिलं केलंस. स्कूटरचं पाणी नळीतून माझ्या पायांखाली येतं, त्याच्यावर मी उभी असते. तेच गेलं तर मी कशावर उभी राहू?

ओनोरा : होडीवर उलटं असतं गं. जाळं कुठं अडकलं की आधी इंजिन कमी करायचं, मग बाकीचं. जन्म गेला त्यात. डोक्याला कळायच्या आत बोट सुटतं.

झेफिरीन : मी काय जाळ्यात अडकलेले नाही. भीती वाटली की धरून ठेवायचं, एवढंच शिक. रिमोट मी आणलेलाच नाही.

सिमेओं : बोंजूर, बोंजूर! झेफिरीन, उत्सव समितीचा अध्यक्ष या नात्यानं दोन शब्द. पाद्रीबाबांनी होड्यांना आशीर्वाद दिला की तू सरळ वर जायचंस, समुद्रात बुडालेल्यांच्या नावानं फुलं उधळायचीस, सरळ खाली यायचंस. कोलांट्या नाहीत.

झेफिरीन : एक. मागच्या बाजूनं.

सिमेओं : मार्सेयहून पाहुणे आलेत. गेल्या वर्षी आपलं हसं झालं.

झेफिरीन : आपलं कुठं? माझं झालं. तुम्ही तर सगळ्यांत मोठ्यानं हसलात, काका.

सिमेओं : पुढच्या वर्षी उडायचं असेल तर मुकाट्यानं ऐक.

झेफिरीन : पुढच्या वर्षी तुम्हीच उडा. तुमच्या वजनाला दोन स्कूटर जोडू.

सिमेओं : ओनोरा, समजाव लेकीला. हौस म्हणून ठीक आहे, पण एकदा जिची पिसं भिजली ती कोंबडी पुन्हा...

ओनोरा : सिमेओं.

सिमेओं : काय?

ओनोरा : ती चुकली नव्हती. रेस मी सोडली.

सिमेओं : तू?

ओनोरा : मी. घाबरलो. कोंबडी म्हणायचं तर मला म्हणा. पावाच्या दुकानातही सांग जाऊन.

झेफिरीन : पापा, राहू दे.

ओनोरा : का राहू दे? वर्षभर तू ऐकून घेतलंस. स्कूटरची किल्ली कुठाय?

सिमेओं : हे बघ, तिनं कोलांटी मारली तर समिती...

ओनोरा : एक नाही, दोन मारेल.

झेफिरीन : दोन?

ओनोरा : जमतील ना?

झेफिरीन : तू धरशील ना?

ओनोरा : उजवा पाय पुढे कर. हाही बूट सैल आहे.

(धक्क्यासमोरचं पाणी. ओनोरा स्कूटरवर, शेजारी समितीच्या होडीत सिमेओं. झेफिरीन वर, पायांखाली पाण्याचे दोन झोत.)

सिमेओं : वा! फुलं झाली. पाद्रीबाबासुद्धा डोळे पुसतायत. आता उतरव.

झेफिरीन : पापाऽऽ!

ओनोरा : धरलंय!

सिमेओं : अरे, मान मागे टाकली तिनं! डोकं खाली गेलं! ओनोरा, रेस सोड!

ओनोरा : गप बस.

सिमेओं : पडतेय ती!

ओनोरा : पडत नाही. फिरतेय.

सिमेओं : तुझ्या त्या बोटाचा काय भरवसा!

ओनोरा : बघ की. सुटलंय का?

सिमेओं : नाही... आली! सरळ झाली! देवा रे!

झेफिरीन : एऽऽक!

सिमेओं : ऐकतोस का? सगळा धक्का ओरडतोय. कोंबडी, कोंबडी म्हणून टोप्या उडवतायत!

ओनोरा : गेल्या वर्षी मी डोळे मिटले होते, सिमेओं. वर उलटी झाल्यावर माझी पोर कशी दिसते, ते आज पाहिलं.

झेफिरीन : आता दुसरीऽऽ!

सिमेओं : पुरे झालं! तुझ्याच बोटावर आहे ना सगळं? मग आण की तिला खाली.

ओनोरा : ती सांगेल तेव्हा.